कणसरीवरचा जादा वाटा

सदर कर्मचारी श्रीमती रंजना पुंजा मोरघा, वय सदतीस, पद माध्यमिक शिक्षिका (विज्ञान), राहणार खोडाळा, तालुका मोखाडा, मूळ गाव वावरपैकी एक पाडा, तालुका जव्हार. उंची मध्यम, बांधा सडपातळ, ओळखीची खूण डाव्या मनगटावर भाजल्याचा व्रण. वर्तणूक समाधानकारक. अवलंबून असलेल्या व्यक्ती एक (आई). सदर कर्मचारी यांनी कार्यालयीन वेळेव्यतिरिक्त कादंबरी या प्रकारचे लेखन केले असून ते प्रसिद्ध करण्यास परवानगी मिळणेबाबत विनंती केली आहे. मजकूर चाळला असता तो शासनाच्या ध्येयधोरणांविरुद्ध असल्याचे दिसून येत नाही. मजकुरातील घटना सूर्यमालेबाहेर घडत असल्याने त्या या कार्यालयाच्या कार्यक्षेत्रात येत नाहीत. सबब परवानगी देण्यास हरकत नसावी.

हे लिहिणाऱ्या कारकुनाला विनोद करायचा नव्हता. अंतराळ आपल्या टेबलावर येतं की नाही हे त्याने तपासलं, येत नाही असं दिसलं, तसं त्याने लिहिलं. फाइल पुढे सरकली, सही झाली. आमच्याकडे एका विहिरीला जेवढ्या सह्या लागतात, त्याहून कमी सह्यांत रंजनाबाई सूर्यमालेबाहेर पोचल्या.

कादंबरीचं नाव 'कणसरी'. कणसरी म्हणजे आमच्या डोंगरातली धान्याची देवी. कादंबरीत हे एका जहाजाचं नाव आहे. पाण्यातलं नव्हे, आकाशातलं. ते एका दूरच्या ताऱ्याकडे निघालं आहे आणि पोचायला त्याला दोनशे वर्षं लागणार आहेत. म्हणजे जे बसले ते वाटेतच मरणार. त्यांची मुलं वाटेत जन्मणार आणि वाटेतच मरणार. पणतवंडांची पतवंडं कधीतरी उतरतील. मधल्या सगळ्यांचं काम एवढंच, की जगायचं, पुढच्याला जगवायचं, आणि कुठे जायचंय ते विसरायचं नाही.

हे ऐकून शाळेतले गणिताचे शिक्षक मुकेश सर म्हणाले होते, "म्हणजे आपल्या इथल्यासारखंच की. फक्त खिडकीतून दिसतं वेगळं."

मुकेश सरांना रंजनाबाईंच्या जहाजाची भारी चौकशी. "मॅडम, मोखाड्याला स्टॉप आहे का?" "नाही." "मग एसटीच ती." रंजनाबाई हसत नसत, पण रागावतही नसत. एकदा त्यांनी शिक्षकखोलीत समजावून सांगितलं, की जहाजावर पाण्याचा एक थेंब वाया जात नाही. माणसाचा घाम, श्वासातली वाफ, सगळं गोळा होऊन, शुद्ध होऊन पुन्हा हांड्यात येतं. मुकेश सरांनी चहाचा कप खाली ठेवला.

"हे मात्र पटत नाही बुवा. आपलं पाणी एकदा मुंबईला गेलं ते कधी परत आलंय?"

बाकी जगात अशा कादंबऱ्यांत कप्तान असतो, बंड असतं, शेवटच्या क्षणी दुरुस्त होणारं इंजिन असतं. 'कणसरी'त इंजिन पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत व्यवस्थित चालतं आणि त्याच्याबद्दल कोणी बोलत नाही. तिथे मुख्य पात्र आहे माती. एका लांबलचक दालनात, दिव्यांच्या उजेडात, गुडघाभर मातीवर नागली, वरई आणि उडीद पिकतो. त्या पिकावर साडेचारशे माणसं जगतात. मातीत काय जातं, मातीतून काय येतं, किती उजेडात किती कणसं भरतात, त्यातून किती पोटं भरतात, हे रंजनाबाईंनी असं मांडलंय की वाचणारा आधी कंटाळतो, मग घाबरतो. दाराबाहेर काहीच नाही, हवासुद्धा नाही. आत आहे तेवढंच आहे. कोठारात एक मूठ कमी झाली तर ती कोणाच्या तरी पोटातून कमी होते, आणि कोणाच्या ते माणसांना ठरवावं लागतं.

हे सगळं त्यांनी मोबाइलवर, अंगठ्याने लिहिलं. खोडाळ्याच्या भाड्याच्या खोलीत संध्याकाळी भाकरी होईपर्यंतचा वेळ त्यांचा. भाकऱ्या आई करी.

आई म्हणजे कमू. साठीपुढची, काटक, डोळे चांगले, कान त्याहून चांगले. तिला वाचता येत नाही. म्हणून लिहिलेलं रंजनाबाई तिला आपल्या बोलीत सांगत. कमूची बोली वारली. इथे ती शाळेतल्या मराठीकडे थोडी ओढून घेतली आहे, तिला न विचारता.

कमूने कादंबरी ऐकली ती शेजारच्या पाड्यावरची बातमी ऐकावी तशी. जहाज खोटं आहे असं तिला कोणी सांगितलं नाही आणि तिने विचारलं नाही. तिचे प्रश्न वेगळे होते.

"चूल कठं मांडतात?"

"चूल नाही आये. धूर चालत नाही तिथं. तव्याखाली वीज."

"धुराबिगर भाकर." कमूने हातातली भाकरी उलटली. "खात असतील बिचारी."

आणि एक दिवस विचारलं, "मेलेली कठं ठेवतात?"

रंजनाबाईंनी सांगितलं. जहाजावर जाळत नाहीत, हवा खर्च होते. बाहेर टाकत नाहीत, कारण टाकलं की तेवढं कायमचं गेलं. त्या दालनातल्या मातीतच ठेवतात, ओळीने. माणसाची माती होते, मातीची नागली होते.

"आन् ती नागली जिती खातात?"

"हो."

"तशी हिथंबी खातातच," कमू म्हणाली. "मंग त्यांना वाढतात का न्हाय?"

आता हे समजायला रंजनाबाईंच्या पाड्यावरची रीत माहीत हवी. नवं धान्य घरात आलं की ते आधी जित्यांच्या तोंडात जात नाही. घरातल्या मेलेल्यांचा वाटा काढतात, पानावर ठेवतात, मग बाकीचे जेवतात. तो वाटा कावळा नेतो, नाहीतर कोंबडी. कोणी नेला याची चौकशी करत नाहीत. मोठं माणूस गेलं की त्याच्या नावाने चिरा बसवतात, म्हणजे खोदलेला दगड, आणि वाटा त्या चिऱ्याच्या माणसाला पोचतो. पण दात यायच्या आधी गेलेल्या मुलाचं यातलं काहीच करत नाहीत. ते पुरतात. चिरा नाही, वाटा नाही. यात कोणाला दुष्टपणा वाटत नाही. ज्याने कधी खाल्लंच नाही त्याला वाढायचं काय, असा सरळ विचार.

कमूची धाकटी मुलगी अशी गेली. ब्याण्णवच्या पावसाळ्यात. त्या साली वावरच्या बाजूची मुलं वर्तमानपत्रात आली. आधी मेली, मग आली. रस्ता नव्हता तिथे गाड्या आल्या, गाडीतून उतरलेल्या माणसांनी वजनकाटे आणले. धाकटी तोवर गेली होती. तिचं नाव ठेवायचं राहून गेलं होतं. घरात तिला नुसतं 'बारकी' म्हणत, आणि बारकी तर दर घरात एक असते. रंजनाबाई तेव्हा चार वर्षांच्या. बहीण तापाने गेली एवढंच त्यांना माहीत होतं. कमूने तेवढंच सांगितलं होतं, तेही विचारल्यावर.

तर 'मेलेल्यांना वाढतात का' या प्रश्नावर रंजनाबाई म्हणाल्या, "वाढतात."

तोवर त्यांनी तसं काही लिहिलेलं नव्हतं.

"समद्यांना?"

"सगळ्यांना मिळून एक वाटा. रोज. जेवायच्या आधी."

"दात नसलेल्यांनाबी?"

"तिथं दाताचं बघत नाहीत."

कमूने मान हलवली, परातीतलं पीठ एका बाजूला ओढलं आणि म्हणाली, "बरं आहा मंग ते जहाज."

त्या संध्याकाळी रंजनाबाईंनी कादंबरीत जितक्या ठिकाणी माणसं जेवायला बसतात तितक्या ठिकाणी एक वाटा वाढवला. जेवणं संपली की तो वाटा मातीत कालवायचा. वस्तू वाया जात नाही, नियम मोडत नाही. विज्ञानाच्या शिक्षिकेला त्यात चूक दिसली नाही. त्यानंतर कमूचा रोजचा प्रश्न ठरून गेला. भाकरी टोपलीत टाकताना ती विचारी, "आज तिथं वाढलं का?" रंजनाबाई म्हणत, "वाढलं." मग दोघी जेवत. कमूला झोप लागू लागली. आधी ती पहाटेच उठून बसे आणि कुठेतरी कान लावून असे. काय ऐकतेस असं विचारलं तर म्हणे, "काय न्हाय. काय ऐकू येत न्हाय, म्हणून."

पुस्तक छापायला घेतलं नाशिकच्या गौतम सरांनी. कारखान्यात उभा जन्म बॉयलर सांभाळून ते निवृत्त झाले आणि विज्ञानकथांची एक छोटी प्रकाशनसंस्था चालवू लागले. मराठी विज्ञानकथेत विज्ञान कमी आणि कथा त्याहून कमी असते, असं त्यांचं मत. 'कणसरी' त्यांनी दोनदा वाचली आणि भातकापणी उरकल्यावर डिसेंबरातल्या एका रविवारी त्र्यंबकच्या वाटेने गाडी घेऊन थेट खोडाळ्याला आले. असं कोणी प्रकाशक करत नाही. रंजनाबाईंनी उडदाची आमटी, भात, नागलीची भाकरी आणि खुरासणीची चटणी असा बेत केला. कमूने नवं लुगडं नेसलं.

गौतम सर ओट्यावर हात धुता धुताच म्हणाले, "रंजनाताई, तुमचं जहाज गळतंय."

"कुठे?"

"स्वयंपाकघरात."

पानं वाढली. सर पाट बाजूला सारून जमिनीवर बसले, चटणी तोंडात घातली, डोळ्यांत पाणी आलं, तरी बोलायचे थांबले नाहीत.

"माणसं साडेचारशे. वाटे निघतात चारशे एक्कावन्न. मला आधी टायपिंगची चूक वाटली. मग बघतो तर प्रत्येक जेवणात."

"तो मेलेल्यांचा वाटा आहे, सर. लिहिलंय मी तसं."

"वाचलं. तो खातं कोण? कावळा आहे का जहाजावर?"

"नाही."

"कावळा असता तर सोपं होतं. त्याचं वजन धरलं असतं, श्वास धरला असता."

"तो मातीत परत जातो. काहीच कमी होत नाही. मी सगळं जुळवून बघितलंय."

"वस्तुमान जुळतं," सर म्हणाले. "मान्य. माती परत मिळते. उजेड परत मिळतो का?"

रंजनाबाईंचा घास हातात राहिला.

"तुम्हीच लिहिलंय, जहाजावर तुटवडा मातीचा नाही, उजेडाचा आहे. दिवे तेवढेच, ते वाढणार नाहीत. तो वाटा पिकवायला जो उजेड खर्च झाला तो मातीत कालवून परत येत नाही. म्हणजे चारशे एक्कावन्न माणसांचं पीक निघतंय आणि त्यातलं एकाचं रोज पुरलं जातंय." त्यांनी भाकरी मोडली. "एवढंही चाललं असतं. पण नववं प्रकरण आहे. रामीचं."

नवव्या प्रकरणात रामी नावाच्या बाईला मूल हवंय आणि पंच परवानगी देत नाहीत. जहाजावर जन्म परवानगीने होतात. एक वाटा मोकळा झाला तरच एक जन्म. पंच सांगतात, जहाज भरलंय. रामी म्हातारी होईपर्यंत वाट पाहते. हे प्रकरण वाचून मुकेश सरांनीसुद्धा दोन दिवस एसटीचा विनोद केला नव्हता.

"जहाज भरलेलं नाहीये, ताई," गौतम सर म्हणाले. "एका पोटाची जागा आहे. पहिल्या दिवसापासून आहे. तुमच्या जहाजावर एक मूल जन्मत नाही, कारण एक मेलेलं जेवतंय."

कमू भात वाढायला उठली होती. तिला पुस्तकी मराठी थोडीफार कळते, पण पाहुणा भराभर बोलत होता. तिने पाहिलं की मुलगी जेवायची थांबलीय.

"काय म्हणतो हा?" तिने बोलीत विचारलं. "आमटी खारट झाली का?"

"नाही आये."

"मंग तू का थांबलीस?"

गौतम सर हसले. "विचारा की आईंनाच. त्या तर वाचक आहेत तुमच्या."

रंजनाबाईंनी सांगितलं. पंचांचं, उजेडाचं, रामीचं. कमूने रामीची गोष्ट आधी ऐकलेलीच होती आणि पंचांना मनसोक्त शिव्याही दिल्या होत्या. रंजनाबाई म्हणाल्या, "हे म्हणतात, आपण रोज तो जो वाटा काढतो ना, तो काढला नाही तर रामीला पोर होईल. दोन्ही होत नाही. धान्य तेवढंच आहे. एकाला द्यायचं."

कमूने भाताचा डाव पातेल्यात टेकवला. तिने विचार केला असं म्हणता येणार नाही. दार लोटावं इतक्या सहज ती बोलली.

"जितीला घाल."

मग पाहुण्याच्या पानात भात वाढला.

"काय म्हणाल्या?" गौतम सरांनी विचारलं.

"जितीला घाल म्हणाली."

"वा. बघा." सर खूश झाले. "व्यवहारी आहेत. मी पाच मिनिटं घालवली त्यात."

त्यांनी आमटी मागून घेतली, चटणी डब्यात बांधून घेतली आणि ऊन उतरायच्या आत घाट चढायचा म्हणून निघाले. जाताना गाडीच्या काचेतून म्हणाले, "तो वाटा काढून टाका, रामीला मूल द्या, मी पुढच्या आठवड्यात छपाईला टाकतो. बाकी जहाज पक्कं आहे."

रंजनाबाई घरात आल्या. कमू उष्टी पानं गोळा करत होती. पुढचं बोलणं रंजनाबाईंनी नंतर ज्यांना सांगितलं त्यांना प्रयोगाचं निरीक्षण सांगावं तशा आवाजात सांगितलं, आणि कुठेही थांबल्या नाहीत.

"आये, तू एवढ्या झटक्यात कसं सांगितलंस?"

"त्यात काय सांगायचं?"

"बारकीचा वाटा होता तो. तूच विचारत होतीस रोज."

"व्हय."

"मग?"

कमूने पानं दाराबाहेर ठेवली, हात पुसले आणि चुलीपाशी येऊन बसली. चूल विझलेली होती, तरी ती तिथेच बसली.

"मागं एकदा सांगलंय मी हेच," ती म्हणाली. "तुझ्या बापाला."

पुंजा जाऊन बरीच वर्षं झाली होती. रंजनाबाईंना आधी कळलं नाही.

"काय सांगितलंस?"

"तो इचारीत होता. पेज वाटीभर, पोरी दोन. माझ्या अंगाला दूध न्हवतं. तो म्हणं, अर्धी अर्धी घालू. मी म्हणलं, अर्ध्यावर एकबी उठायची न्हाय."

रंजनाबाईंनी पाट उचलून भिंतीला लावला.

"तुला दात होते. तू मागायचीस. हात धरून ओढायचीस. ती मागत न्हवती." कमूने हाताने जमिनीवरचं भाताचं शीत उचललं. "आधी रडायची. मंग रडायची बंद झाली. रडायची तवर देत होते तिला, चमच्याने. बंद झाली तवा इचार आला, आता ही चालली."

"तू ताप म्हणाली होतीस."

"तापबी होता. शेवटी ताप येतोच."

"आये."

"काय आये? मागणाऱ्याला देतात. तू हायस ना हिथं बसलेली? शाळंत शिकवतेस, जहाज लिहितेस."

बाहेर बाजारातला कोणीतरी टेम्पोवाला हिंदीत मागे घे, मागे घे म्हणून ओरडत होता. रंजनाबाई म्हणतात की तो आवाज त्यांना लख्ख आठवतो. आईचा चेहरा आठवत नाही. त्या आईकडे बघतच नव्हत्या.

टेम्पो गेल्यावर त्यांनी विचारलं, "मग जहाजावर तिला वाढायला का लावलंस?"

"मी कठं लावलं? मी इचारलं. तू म्हणलीस वाढतात. म्हणलीस, दाताचं बघत न्हाईत. माला बरं वाटलं. हिथं तिला जागा न्हाय, तिथं तरी बसली पानावर." कमू उठली. गुडघ्यावर हात ठेवून, एकदा थांबून, मग पूर्ण. "पण त्या रामीच्या पोरीला डावलून नको. ते माला दोनदा इचारलं तरी मी तेच सांगणार."

दोनदा विचारलं गेलं होतंच.

पुढच्या चार संध्याकाळी रंजनाबाईंनी वाटा काढून टाकायचं काम केलं. पहिल्या संध्याकाळी त्यांना वाटलं की नुसतं एक वाक्य खोडायचं आहे. पण ते वाक्य एका जागी नव्हतं. पंगतीच्या टोकाला ती रिकामी जागा होती, वाढणारा तिथे थांबत असे, मुलं तिच्याकडे बघत गप्प होत असत. कोणी चुकून तिथे बसलं की त्याला उठवत. या सगळ्याला हात लावावा लागला. वाढणारा आता थांबत नाही. मुलं बघत नाहीत. बसायला सगळी जागा सारखीच झाली. जे वाचतात त्यांना काही कमी झालंय असं जाणवत नाही, एवढ्या सफाईने ते केलंय. फक्त सहाव्या प्रकरणात एक म्हातारा जेवता जेवता वर बघतो आणि 'कोण आलं?' असं विचारतो. कोणी उत्तर देत नाही आणि गोष्ट पुढे जाते. गौतम सरांनी तिथे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह केलं होतं. रंजनाबाईंनी ते तसंच ठेवलं, म्हणजे म्हातारा, प्रश्नचिन्ह नव्हे.

नववं प्रकरण आणि त्यापुढचं सगळं नव्याने लिहिलं. रामीला मुलगी होते. धडधाकट, आवाजाची, मागून घेणारी. जेवायला बसली की शेजारच्याच्या पानात हात घालते आणि कोणी रागावत नाही. पुढे तीच मातीच्या दालनाची कारभारीण होते, आणि कादंबरीचा निम्मा भार तिच्यावर आहे. तिला नाव नाही. 'रामीची' एवढंच. ती म्हातारी होऊन मरते तरी 'रामीची'च. गौतम सरांचा यावर दोनदा फोन आला.

"ताई, मुख्य पात्राला नाव नाही, हे शैली म्हणून आहे की राहून गेलंय?"

"राहून गेलंय."

"मग देऊन टाका की. हजार नावं आहेत."

"नको, सर."

"कारण?"

"तुम्ही म्हणालात ते मी काढलं. हे राहू द्या."

सरांनी राहू दिलं. नावाला वजन नसतं आणि उजेड लागत नाही, त्यामुळे त्यांच्या दृष्टीने जहाजाला धोका नव्हता.

कमूला नवा मजकूर सांगून झाला. तिने रामीच्या मुलीचं सगळं ऐकलं, शेजारच्याच्या पानात हात घालते तिथे हसली. "तुझ्यासारखीच," असं ती म्हणाली. तिला ते कौतुकाने म्हणायचं होतं. रंजनाबाई उठून पाणी प्यायल्या. त्यानंतर संध्याकाळचा प्रश्न बदलला. आता कमू विचारते, "रामीची जेवली का?" आणि रंजनाबाई म्हणतात, "जेवली." कमूची झोप मात्र पुन्हा गेली. ती पहाटे उठून बसते आणि भिंतीला कान लावल्यासारखी मान कलती करते.

पुस्तकाचं प्रकाशन जव्हारला एका सभागृहात झालं. हार होते, नारळ होता, रंजनाबाईंच्या शाळेच्या मुलींनी स्वागतगीत म्हटलं. एका पाहुण्यांनी भाषणात 'डोंगरदऱ्यांतील भगिनीची अवकाशझेप' असा शब्दप्रयोग तीन वेळा केला आणि पुस्तक वाचायला आपल्याला अद्याप वेळ झालेला नाही हे प्रांजळपणे सांगितलं. दुसऱ्या पाहुण्यांनी असं मत मांडलं, की लेखिकेने एवढी मोठी कल्पनाशक्ती आपल्या भागातल्या प्रश्नांकडे वळवली असती तर अधिक बरं झालं असतं. मुकेश सरांनी मागच्या रांगेतून जोरात टाळ्या वाजवल्या. त्या कशासाठी हे व्यासपीठावर कोणाला कळलं नाही. कमू पहिल्या रांगेत बसली होती. तिला पुस्तक हातात दिलं तेव्हा तिने ते आधी वजन करावं तसं तळहातावर धरलं. मग शेजारच्या खुर्चीवर ठेवलं. ती खुर्ची रिकामी होती. कोणीतरी तिथे बसायला आलं, तेव्हा कमूने पुस्तक उचललं आणि खुर्ची दिली.

कार्यक्रमानंतर सगळ्यांना जेवण होतं. रंजनाबाईंनी पाहुण्यांना वाढलं.

'कणसरी'च्या मलपृष्ठावर प्रकाशकांनी चौकटीत पुढील मजकूर छापला आहे : 'सदर कादंबरीतील अन्न, पाणी, हवा, उजेड व लोकसंख्या यांचा ताळमेळ तज्ज्ञांकडून स्वतंत्रपणे तपासून घेण्यात आला असून तो सर्व बाबतींत अचूक असल्याचे आढळून आले आहे. जहाजावर कोणीही उपाशी राहत नाही.'

रंजना मोरघा गेल्या डिसेंबरपासून संध्याकाळचं जेवत नाहीत.